हापशापासून सुरुवात: सहावी ते आठवीच्या मुलांनी गावाचा पॉडकास्ट कसा करावा

सातवीतल्या पोराच्या हातात माईक दिला की पहिल्या दहा सेकंदांत काय होतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. छाती पुढं येते, आवाज चढतो आणि "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" सुरू होतं. आमच्या पहिल्या पॉडकास्टला व्यासपीठ नव्हतंच. गुरुजनवर्ग म्हणजे मी एकटी आणि बालमित्र खिडकीतून डोकावून हसत होते. विषय होता 'पाणी हेच जीवन'. सात मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या गावाचं नाव एकदाही आलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट मला घरी जाऊन ऐकताना कळली. शाळेच्या भिंतीला लागूनच हापसा आहे. त्याचा कर्रकर्र आवाज मागून येत होता, म्हणून पोरांनी मध्येच थांबून पाणी भरणाऱ्या मावशींना "जरा दम धरा, रेकॉर्डिंग चालू आहे" असं सांगितलेलं ऐकू आलं. ज्या पाण्याबद्दल आम्ही बोलत होतो, त्यालाच आम्ही गप्प केलं होतं.

पुढचा भाग आम्ही हापशाच्या आवाजानेच सुरू केला. तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते. ज्यांनी कधीच पॉडकास्ट केलेला नाही अशा शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि गावातल्या हौशी ताई-दादांसाठी हे आहे. पॉडकास्ट म्हणजे हवा तेव्हा ऐकता येणारा, भागांमधून चालणारा आवाजाचा कार्यक्रम. आकाशवाणीसारखाच, फक्त वेळ पाळून रेडिओजवळ बसावं लागत नाही. यापलीकडे व्याख्येत शिरायची गरज नाही.

आधी परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मुख्याध्यापकांना तोंडी सांगून भागवू नका, एक पानाचं पत्र द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा. समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात, त्यामुळे पुढं कुणी आक्षेप घेतला तर तुमच्या बाजूने बोलायला गावातलीच माणसं मिळतात. आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. संमतीपत्रात तीन गोष्टी साफ लिहा: आवाज कुठं कुठं ऐकवला जाईल, मुलाचं पूर्ण नाव येणार का (आम्ही फक्त पहिलं नाव आणि इयत्ता सांगतो), आणि नंतर पालकांना नको वाटलं तर भाग काढून टाकला जाईल.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्र वाचून दाखवायचं काम मुलांनाच द्या. आमच्याकडे एका आईने ते पत्र ऐकल्यावर विचारलं, "म्हणजे रेडिओवर येणार का माझी पोरगी?" तिला समजावून सांगता सांगता त्या पोरीलाच पॉडकास्ट म्हणजे काय ते नीट कळलं.

वेळेचं म्हणाल तर आनंददायी शनिवारचा तास यासाठी फार बरा. एका भागाला चार शनिवार लागतील असं धरा आणि सहा लागले तर नवल वाटून घेऊ नका.

कान तयार करणे

पहिल्या शनिवारी फोन हातात देऊच नका. मुलांना पाच-पाचच्या गटात शाळेबाहेर उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि तीन मिनिटांत ऐकू आलेले आवाज नंतर वहीत लिहायला सांगा. पिठाची गिरणी, लांबवर मळणीयंत्र, एसटीचा गिअर बदलल्याचा आवाज, कुणाच्या तरी घरात भाकरी थापल्याचा. आमच्या एका मुलाने लिहिलं होतं, 'टँकर आलेला नाही.' मी विचारलं, हा कसला आवाज? तो म्हणाला, "मॅडम, टँकर आला की बाया भांडतात. आज कुणी भांडत नाही." या पोराला मी त्याच दिवशी संपादक करून टाकलं.

दुसऱ्या मुलांनी केलेलं ऐकवा. अमेरिकेत नॅशनल पब्लिक रेडिओ शाळकरी मुलांसाठी पॉडकास्टची स्पर्धा घेतो. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी मधल्या वर्गांच्या गटात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या मुली जिंकल्या आणि त्यांचा विषय होता पाळी आणि तिच्याबद्दल बोलताना वाटणारी लाज. हे सांगितल्यावर आमच्या वर्गात आधी खुसखुस झाली. मग आठवीतल्या दोघी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाल्या, "मॅडम, आपल्या संडासाच्या दाराला आतून कडीच नाही, त्यावर करायचं का?" केलं. गंमत अशी की मुली मुलाखती घेत फिरायला लागल्या आणि भाग पुरा व्हायच्या आधीच कडी बसली. निम्मा कार्यक्रम तिथेच फसला, पण तक्रार कशाला करायची?

विषय जेवढा लहान तेवढा बरा

मुलांना विषय विचारले की फळ्यावर काय येतं? दुष्काळ, व्यसनमुक्ती, स्वच्छता, बेटी बचाव. हे निबंधाचे विषय आहेत. त्यांची उत्तरं मुलांना आधीच पाठ असतात आणि पाठ असलेलं उत्तर कुणालाच ऐकायचं नसतं. प्रत्येक मोठ्या विषयाला कुरतडत त्यातून एक प्रश्न काढायचा. त्या प्रश्नाला तीन कसोट्या लावा: उत्तर आपल्याला माहीत नाही ना, ते माहीत असलेलं माणूस चालत जाऊन भेटता येतं का, आणि उत्तरात मोजता येईल असं काही आहे का.

'दुष्काळ' पुसून 'आपल्या गल्लीत नळाला पाणी कितव्या दिवशी येतं आणि वरच्या गल्लीत कितव्या?' असं लिहा. 'स्थलांतर' पुसून 'दसरा-दिवाळीनंतर आपल्या वर्गातले किती बाक रिकामे होतात आणि ती पोरं जातात कुठं?' बीडच्या डोंगरपट्ट्यात हा प्रश्न विचारला की उत्तरं घराघरात आहेत. ऊसतोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस, उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम. हे शब्द मुलांनी माणसांच्या तोंडून ऐकले पाहिजेत. पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह असतं, त्यात कोण राहतं आणि कोण तरीही आई-बापासोबत जातं, का जातं, हा स्वतंत्र भाग होईल. ऊसतोडीचे भाग दसऱ्याच्या आधी रेकॉर्ड करून ठेवा; नंतर बोलायला माणसंच गावात नसतात.

जुन्या आठवणींचे विषयही हाताशी असतात. आज सातवीत असलेल्या लातूरच्या मुलाला एप्रिल २०१६ च्या दुष्काळातली पाण्याची रेल्वे आठवणार नाही. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींत (मालगाडीच्या डब्यांत) मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. हा आकडा मुलांना सहज मिळतो. पण त्या दिवसांत घरात आंघोळीचं पाणी पुन्हा कशाला वापरत होते, हे फक्त आईला ठाऊक आहे. किल्लारी-सास्तूरकडच्या शाळांना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल विचारता येईल, पण तिथे फार जपून. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत ज्यांच्या जमिनी खरवडून गेल्या त्यांच्या बांधावर जाऊन 'इथं आधी माती किती खोल होती?' एवढंच विचारलं तरी दहा मिनिटांचं उत्तर मिळेल.

आकडे मोजून आणणे

पॉडकास्टमधला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण इथे गणिताचा तास आपोआप होतो. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. हे वाक्य तसंच वाचलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. आम्ही एक लिटरच्या बाटलीने घरची घागर भरून मोजली. चौदा बाटल्या बसल्या. सहा माणसांच्या घराला दिवसाला ३३० लिटर, म्हणजे जवळपास चोवीस घागरी. नळाला पाणी आठव्या दिवशी येत असेल तर आठ दिवसांचं २,६४० लिटर साठवायला हवं. दोनशे लिटरची तेरा पिंपं भरून वर चाळीस लिटर. मग मुलांनी गल्लीत फिरून प्रत्येक घरापुढची पिंपं मोजली. तेरा पिंपं एकाही घरापुढं नव्हती. पुढं भाष्य करायची गरजच पडली नाही.

तुमच्याकडे हापसा असेल तर एक घागर भरायला दांडा किती वेळा मारावा लागतो ते पावसाळ्यात मोजा आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजा. दोन्ही वेळचा आवाज रेकॉर्ड करून एकापाठोपाठ एक लावा.

ऐकीव गोष्ट आणि मोजलेली गोष्ट यांत फरक करायला आम्ही ठेच लागून शिकलो. एका भागात एका मुलाने 'पाणी सोडणारे काका त्यांच्या भावकीच्या गल्लीत जास्त वेळ पाणी सोडतात' असं बेधडक सांगितलं. भाग पालकांच्या ग्रुपवर गेला आणि दुसऱ्या दिवशी ते काका शाळेत हजर. रागावले होते, पण बरोबर होते. त्यांनी मुलांना नेऊन व्हॉल्व्ह दाखवला. तो गंजून अर्ध्यावर अडकला होता आणि नवा मिळावा म्हणून त्यांनी अर्ज दिलेला होता. आम्ही तो भाग काढून टाकला, नव्याने केला आणि सुरुवातीलाच चूक कबूल केली. तेव्हापासून नियम असा: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी विचारायचं, आणि एकच माणूस सांगत असेल तर दुसऱ्याकडून खात्री होईपर्यंत ते बाहेर जाणार नाही.

कोण काय करणार

गट पाच जणांचा. एक विचारणारा, एक फोन धरणारा, एक कानात हेडफोन घालून ऐकणारा, एक लिहिणारा, आणि एक जण नुसता आजूबाजूला लक्ष ठेवणारा: बकरी आली, मोटारसायकल आली, आजींना उन्हात बसवलंय. हे पाचवं काम जास्तीचं वाटतं, पण ते मूल नसेल तर काय होतं ते करून पाहा. कामं दर भागाला बदला. नाहीतर चुणचुणीत पोरगा कायम विचारणारा आणि पोरी कायम लिहिणाऱ्या होतात, आणि हे आपल्याही लक्षात येत नाही.

फोन, वारा आणि पत्रे

महागडा माईक घेऊ नका. साधा अँड्रॉइड फोन आणि त्यातलं रेकॉर्डर पुरे. मिळाला तर तारेचा, कॉलरला लावायचा छोटा माईक घ्या.

फोनचा माईक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. मुलं फोन कानाला लावतात किंवा पडदा तोंडाकडे करून धरतात. खालची कड बोलणाऱ्याकडे हवी, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जराशी बाजूला. अगदी समोर धरली की 'प', 'फ', 'भ' म्हणताना भस्सकन हवा शिरते. माळावर वारा जोरात असतो, तेव्हा फोनवर पातळ धुतलेला पायमोजा चढवा. धुतलेला हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमच्या एका आजोबांची मुलाखत ऐन रंगात आली असताना बियाणांच्या जाहिरातीचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. आजोबांना पुन्हा सांगायला लावलं, त्यांनी सांगितलंही, पण दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट शिळी असते. बॅटरी आणि फोनमधली मोकळी जागा आधी पाहा, वीस सेकंद रेकॉर्ड करून ऐका आणि मगच बसा. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून आपोआप बंद पडतो. सकाळची वेळ धरा.

जागेचं महत्त्व मुलांना लवकर कळत नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, दुपारी तापलेले पत्रे टकटक वाजतात आणि पाऊस आला तर विषयच संपला. रिकामी वर्गखोलीही घुमते. गावात एखादं माळवदाचं घर उरलं असेल तर तुमचं नशीब. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं छत, आवाज असा मऊ येतो की शहरातल्या स्टुडिओवाल्यांनी हेवा करावा. ते नसेल तर धान्याच्या पोत्यांची खोली चालते, कडब्याच्या गंजीचा आडोसा चालतो, काहीच नसेल तर दोन मुलांनी पाठीमागे वाकळ धरून उभं राहावं. निवेदन वाचताना तर सरळ वाकळ डोक्यावरून घ्या. पोरांना हे फार आवडतं.

आणि दर ठिकाणी निघण्यापूर्वी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. जोडणीच्या वेळी तो लागतो.

मुलाखत

मुलाखतीला जाताना प्रश्नांचा कागद जवळ ठेवा, पण वाचून विचारू नका. सुरुवातीलाच सांगा: आम्ही कोण, हे कशासाठी, कुठं ऐकवणार, आणि नको वाटेल ते काढून टाकू. त्यावर त्यांचा होकार रेकॉर्ड करून घ्या.

ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल असा प्रश्न विचारायचा नाही. "पाण्याचा त्रास आहे का?" याला आजी "तर काय!" म्हणतील आणि गप्प बसतील. "आजी, तुमचं लगीन होऊन या गावात आलात तेव्हा पहिली घागर कुठून आणली?" असं विचारलं की आजी सावरून बसतात. मग विहीर येते, तिच्या पायऱ्या येतात, कुणाला त्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तेही येतं. आपण न विचारता येतं. असं काही आलं तर मुलांनी घाबरून विषय बदलू नये. "मग ते लोक पाणी कुठून आणायचे?" एवढंच विचारावं आणि जमलं तर त्या घरी जाऊन त्यांच्याही आजीला विचारावं.

उत्तर संपलं असं वाटलं की विचारणाऱ्याने मनात पाच आकडे मोजायचे. माणूस तेवढ्यात पुन्हा बोलायला लागतो आणि खरी गोष्ट बऱ्याचदा त्या दुसऱ्या वेळेला येते. बोलत असताना 'हं, हो, बरं' करत राहू नका, नुसती मान हलवा. शेवटचा प्रश्न कायम एकच: "आम्ही विचारायचं काही राहिलं का?"

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांच्याकडे मुलं गेली की उलटी मुलाखत होते. साहेब मुलांनाच प्रश्न विचारतात, शाबासकी देतात आणि चहा-बिस्किटावर परत पाठवतात. त्यावर उपाय म्हणजे एकच प्रश्न, तोही आकड्याचा. "गेल्या महिन्यात आपल्या टाकीत पाणी किती दिवस चढलं?" उत्तर मिळालं तर उत्तम. "बघून सांगतो" म्हणाले तर कधी येऊ ते विचारून या. न मिळालेलं उत्तरही 'आम्ही तीनदा गेलो' असं कुठलाही शेरा न मारता भागात सांगता येतं.

जिथे थांबायचं

मुलं विचारत गेली की त्यांना नको तेवढं कळतं. वर्गातल्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाच्या तरी वडिलांनी फास घेतला होता, घरात मारहाण होते. अशा गोष्टी पॉडकास्टचा मसाला होऊ नयेत. बालविवाह ठरतोय असं कळलं तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. ते मोठ्यांचं काम आहे, मुलांच्या गळ्यात घालू नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि त्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं गावात होत नसतं. 'माळावरच्या तांड्यातली आठवीतली मुलगी' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळलं.

किल्लारीच्या भूकंपासारख्या आठवणी विचारताना मुलांना आधीच सांगून ठेवा की समोरचं माणूस रडलं तर रेकॉर्डिंग बंद करायचं आणि पाणी द्यायचं. पुन्हा सुरू करायचं की नाही ते त्या माणसाने ठरवायचं.

लिहिणं, आणि बोली

मुलाखती झाल्या की ऐकताना जे वाक्य दोनदा ऐकावंसं वाटलं ते मिनिट-सेकंदासह वहीत टिपा. वीस मिनिटांतून अशी चार-पाच वाक्यं निघतात, तीच भागाची हाडं. मग कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे आवाज आणि मुलाखतीचे तुकडे, उजवीकडे मुलांचं निवेदन. निवेदन कमीत कमी. माणसाने जे सांगितलंय ते निवेदकाने आधी किंवा नंतर पुन्हा सांगायचं नाही. आमची मुलं मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतात, त्यामुळे पाच मिनिटांच्या भागाला निवेदनाचा दीड-दोन पानांपेक्षा जास्त मजकूर लागत नाही.

आता बोलीचं. पोरं अंगणात "काय करायलास रं" म्हणतात आणि माईकसमोर "आपण काय करीत आहात?" म्हणायला लागतात. त्यांना अडवा. जसं घरी बोलता तसंच इथं बोला म्हणावं. काही पालकांना हे पटत नाही. पोरगं शाळेत जाऊन शुद्ध बोलायला शिकेल म्हणून पाठवलं आणि मॅडम 'लई' आणि 'कवा' चालू देतात! मी त्यांना एवढंच म्हणते, दोन्ही भाग ऐका आणि सांगा तुमचं पोरगं कुठल्या भागात खरं वाटतंय. तांड्यावरच्या मुलाने आपल्या याडीची, म्हणजे आईची, मुलाखत गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीतच घेतली. त्याने तिचं एक वाक्य झालं की मराठीत थोडक्यात सांगत पुढं नेलं आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती भाषा पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकली.

जोडणी

शाळेत संगणक चालू असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. नसेल तर फोनवर आवाज कापण्या-जोडण्याची मोफत ॲप आहेत. शिकायची कामं चारच: नको ते कापणं, तुकडे सरकवणं, लहान-मोठे आवाज सारखे करणं आणि मागची घरघर कमी करणं. या शेवटच्या कामाला तुम्ही जपून ठेवलेला जागेचा आवाज उपयोगी पडतो. त्याचा नमुना दाखवला की सॉफ्टवेअर तेवढी घरघर सगळीकडून उचलून घेतं. फार उचलायला लावली तर मात्र माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. श्वास, खोकला, आजींचं "अगं बाई" हे सगळं कापू नका.

सिनेमाची गाणी लावायची नाहीत. त्यांवर हक्क असतात आणि एकदा का ती लागली की पोरांचं लक्ष तिकडेच जातं. तुमच्याकडे हलगी आहे, लेझीम आहे, शाळेची घंटा आहे. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या एखाद्या आजी अजून गावात असतील तर त्यांना विचारून, त्यांच्याच आवाजात एक ओवी घ्या.

शेवटी फाइल एमपीथ्रीमध्ये, मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज), ६४ केबीपीएसवर काढा; म्हणजे फाइल लहान होते. मिनिटाला अर्धा एमबीच्या आसपास जागा लागते, पाच मिनिटांचा भाग अडीच एमबी. डोंगरात एक काडी रेंज असली तरी जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा.

गावाला ऐकवणे

इंटरनेटवर टाकायची घाई करू नका. आधी ज्यांचे आवाज आहेत त्यांच्या घरी जाऊन त्यांना ऐकवा. इथे एखादी आजी "हे वाक्य काढा गं" म्हणते, ते निमूट काढायचं, कितीही चांगलं असलं तरी. मग संध्याकाळी पारावर एक स्पीकर लावून गावाला ऐकवा. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. भाग त्याआधी तयार झाला तर पाच मिनिटं मागून घ्या. पाच मिनिटं म्हणजे पाचच, मुलांनी पुढं भाषण करायचं नाही.

पारावर ऐकवताना मुलांना गर्दीत पसरून बसवा. लोक कुठं हसले, कुठं गप्प झाले, कुठं उठून गेले हे वहीत लिहायला सांगा. पुढचा भाग त्यातूनच सुधारतो. पंधरा दिवसांनी त्याच जागी जाऊन काय बदललं ते रेकॉर्ड करा. काहीच बदललं नसेल तर तेही.

जगाला ऐकवायचंच असेल तर स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्ससारख्या ठिकाणी मोफत ठेवता येतं. खातं शाळेच्या नावाने आणि मोठ्या माणसाच्या ताब्यात असू द्या.

एक काम बहुतेक जण विसरतात. न कापलेली मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून शाळेच्या कपाटात ठेवा आणि दुसरी प्रत एखाद्या पालकाकडे द्या. फाइलला 'नवीन रेकॉर्डिंग १७' असं नाव ठेवू नका; तारीख, जागा आणि विषय लिहा. गेल्या वर्षी आमच्या हापशावरच्या आजी गेल्या. तेराव्याला त्यांचा नातू शाळेत आला आणि म्हणाला, "मॅडम, त्यो घागरीचा भाग द्या, पण पुरा द्या, कापलेला नको." सापडायला एक मिनिट लागलं. बावीस मिनिटांचा होता.